गाठच नाही, मग कॅन्सर कसला?

या एका वाक्यावर आमचे ६२ हजार गेले. पैशांचं सोडा, अडीच महिने गेले.

ताई कळव्याला राहते. वय ४६. श्रावणात तिचा डावा स्तन लाल झाला, हाताला गरम लागायचा. गाठ कुठेच नाही. कातडी मात्र संत्र्याच्या सालीसारखी खड्ड्याखड्ड्यांची. ब्रा काढून दोन तास झाले तरी शिवणीचा वळ तसाच. फॅमिली डॉक्टरांनी आठ दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या दिल्या आणि बजावलं, "उतरलं नाही तर बायोप्सी." म्हणजे सुईने तुकडा काढून तपासणी. उतरलं नाही.

बायोप्सीचा ताईने धसकाच घेतला. तेवढ्यात शेजारच्या काकूंनी ठाण्यातले एक 'वैद्य' सुचवले. जिन्यात चपलांचा ढीग, भिंतीवर बऱ्या झालेल्यांचे फोटो. मीही भुलले, खोटं कशाला बोलू. नाडी धरून ते म्हणाले, "गाठ नाही ना? मग कॅन्सर कसला? उष्णता आहे. सुई लावलीत तर मात्र पसरेल." कॅन्सरच नाही तर पसरणार काय, हे मला परतीच्या लोकलमध्ये सुचलं. तोवर १५ हजार भरून झाले होते.

लेपाच्या डब्यांवर लेबल नाही, पेनने नुसते आकडे: ३, ७. पावतीवर 'सल्ला'. लाली वाढली तर "विष बाहेर पडतंय". स्तनाग्र आत ओढलं गेलं तरी विषच!

शेवटी भाचा कुणाचं न ऐकता तिला पनवेल लोकलने खारघरच्या ॲक्ट्रेकला, टाटा मेमोरियलच्या कॅन्सर केंद्रात, घेऊन गेला. मॅमोग्राफी, सोनोग्राफी, बायोप्सी, कातडीचाही तुकडा. निदान: इन्फ्लमेटरी ब्रेस्ट कॅन्सर. स्तनाच्या कॅन्सरच्या शंभर रुग्णांत एक ते पाच जणींना होणारा प्रकार. कॅन्सरच्या पेशी कातडीतल्या लसीकावाहिन्या, म्हणजे अंगातलं जादा पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या, तुंबवतात, म्हणून सूज आणि लाली. हाताला लागेल अशी गाठ बऱ्याचदा नसतेच. कळतो तेव्हाच तो किमान तिसऱ्या टप्प्यात असतो. आधी किमो, मग ऑपरेशन, मग रेडिएशन, हा क्रम. ज्या सुईला आम्ही घाबरलो, तिच्यामुळेच कॅन्सर हर-टू पॉझिटिव्ह, म्हणजे पेशींवर हर-टू हे प्रथिन जास्त असलेला, असल्याचं कळलं आणि त्याच प्रथिनावर काम करणारं ट्रास्टुझुमॅब हे औषध सुरू झालं.

वैद्यांकडे पैसे परत मागायला गेले तर त्यांनी 'स्वेच्छेने' लिहिलेल्या कागदावरची ताईची सही दाखवली. कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात १९५४च्या कायद्याने गुन्हा आहे, हे मला नंतर कळलं. त्यांच्या पत्रकाचा फोटो आणि ७ नंबरचा डबा अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रारीसोबत दिलाय.

सोमवारी चौथी किमो. ३ नंबरचा डबा अजून ताईच्या फ्रिजमध्ये आहे. फेकू देत नाही, पुरावा लागेल म्हणते.