स्कूबाच्या नावाखाली ९,२०० रुपये घेतले, वर मुलीचा कान दुखावला

सिंधुदुर्गात स्कूबाला, म्हणजे पाठीवर हवेची टाकी लावून समुद्रात बुडी मारायला, जाणार असाल तर आधी हे वाचा. माणशी १,८०० प्रमाणे चौघांचे ७,२००, व्हिडिओचे १,६०० आणि ‘जेटीचे’ म्हणून आणखी ४००, असे ९,२०० रुपये आमच्याकडून घेतले. ठरलं होतं प्रत्येकासोबत प्रशिक्षित इन्स्ट्रक्टर आणि प्रवाळापाशी वीस मिनिटं. मिळालं काय, तर नांगराच्या दोराला धरून चार-पाच मिनिटं लोंबकळणं! टाकीतली हवा ज्यातून घ्यायची त्या रेग्युलेटरचा तोंडात धरायचा रबरी तुकडा आधीच्या कुणीतरी चावून फाडलेला होता. एक पोरगा दोघादोघांना खाली धरून ठेवत होता.

सगळं बोटीआधी भरायच्या त्या तब्येतीच्या फॉर्मपाशीच कळायला हवं होतं. आठवलं की अजून अंगाचा तिळपापड होतो. दमा, कान, सायनस, हृदय असे प्रश्न होते. माझ्या मुलीला लहानपणी दमा होता, म्हणून मी विचारायला तोंड उघडलं तोवर किनाऱ्यावरच्या एजंटने सगळीकडे स्वतःच ‘नाही’वर खुणा करून टाकल्या. ‘काय होवचा नाय, ताई, इथे सही करा.’ तेव्हाच उठायला हवं होतं असं आता कुणीही म्हणेल. पण पैसे गेलेले, बोट सुटायला आलेली, मुलं जॅकेट घालून बसलेली. आणि दिवसाला शेकडो माणसं बसवणारा माणूस दम्याचा रकाना खोटा भरेल, हे कुणाच्या मनात येणार?

पाण्यात मुलगी घाबरली, श्वास रोखून धडपडत वर आली. वर येताना श्वास रोखायचा नसतो, कारण बाहेरचा दाब घटला की फुप्फुसातली हवा फुगते. ही सगळ्यात पहिली शिकवायची गोष्ट, ती आम्हाला कुणी सांगितलीच नाही. नाक धरून कानातला दाब कसा सारखा करायचा तेही नाही. बोटीवर ऑक्सिजन कुठे आहे विचारलं तर एकमेकांची तोंडं बघायला लागले. मुलीच्या कानाचा पडदा सुजला होता, कानाच्या डॉक्टरांचे १,३५० वेगळे गेले.

निघताना माणसं मोजली नाहीत. ऑस्ट्रेलियात १९९८ मध्ये अशाच चुकलेल्या मोजणीमुळे एक जोडपं समुद्रात मागे राहिलं, ते कधीच सापडलं नाही. तुम्ही बसाल त्या बोटीवर मोजणी स्वतः करा, मोठ्याने.

व्हिडिओ आला तोही दुसऱ्याचाच! त्यातल्या हातात लाल गंडा आहे, आमच्यापैकी कुणी गंडा बांधत नाही.

तक्रारीला गेलो तर पोलीस म्हणाले, हा बंदर खात्याचा विषय. तिथले म्हणाले, बोटीला परवाना आहे, पाण्याखालचं आमच्याकडे येत नाही. पर्यटनवाले म्हणाले, पावती दाखवा. पावती कसली? पैसे गेले एजंटच्या मेहुण्याच्या खात्यात, बोट तिसऱ्याची, इन्स्ट्रक्टर चौथ्याचा रोजंदार, आणि सही मात्र आमची! तारकर्लीला २४ मे २०२२ रोजी स्कूबाहून परतणारी बोट उलटून दोघे गेले. त्यानंतरही पाण्याखाली काय चालतं ते आपलं नाही, असं ही माणसं खुर्चीत बसून सांगतात. जबाबदार कोण, एवढं लेखी द्या म्हटलं तर साहेब जेवायला गेले. तिन्ही अर्जांवर पोच घेतली आहे, उत्तर एकाचंही नाही.

फॉर्म स्वतःच्या हाताने भरा, त्याचा फोटो काढून ठेवा. पैसे बोटीवर चढण्याआधी पूर्ण देऊ नका, आणि ज्याच्या नावाची पाटी आहे त्याच्याच खात्यात द्या. इन्स्ट्रक्टरचं कार्ड मागा, नाव मोबाईलमधल्या फोटोशी ताडून बघा. टाकीच्या मानेवर तपासणीची तारीख ठोकलेली असते, ती वाचा. दमा असेल तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय पाण्यात उतरू नका, एजंट काहीही म्हणो. फसलात तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. मीही केली आहे. एजंटने माझा नंबर ब्लॉक केलाय, त्याच्या फलकावर मात्र अजून ‘१००% सुरक्षित’ लिहिलेलं आहे.