पत्रं अस्सल, शीर्षकं कुचकामी: बॉस्टनचा गुलामगिरीविरोधी संग्रह

बॉस्टन पब्लिक लायब्ररीतला गुलामगिरीविरोधी चळवळीचा संग्रह घरबसल्या, फुकट वाचता येतो. पत्रं, पत्रकं, वर्तमानपत्रं, पुस्तकं मिळून सुमारे ४०,००० नग. गाभा अमेरिकेतल्या या चळवळीचे पुढारी विल्यम लॉइड गॅरिसन यांच्या कुटुंबाने दिलेल्या कागदपत्रांचा. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ ज्या अमेरिकनांना अर्पण केली, त्यांच्यातल्या कितीतरी जणांचं अक्षर इथे पाहायला मिळतं.

पानं ‘डिजिटल कॉमनवेल्थ’ आणि ‘इंटरनेट आर्काइव्ह’ या दोन संकेतस्थळांवर आहेत. चित्रं उत्तम, मोठी केली की कागदाची घडीसुद्धा दिसते. खरा त्रास शोधताना होतो. बहुतेक पत्रांना शीर्षक म्हणून त्यांचा मायनाच दिलाय: ‘डिअर सिस्टर’, ‘माय डिअर फ्रेंड’. अशा एकाच नावाची पत्रं ढिगाने निघतात. म्हणून आधी लिहिणाऱ्याचं नाव, मग साल, मग हस्तलिखित क्रमांक अशा क्रमाने जावं. गॅरिसन यांनी लिहिलेली पत्रं ‘एमएस ए १.१’ मध्ये (‘एमएस’ म्हणजे हस्तलिखित), त्यांना आलेली १.२ मध्ये, चळवळीतल्या वेस्टन बहिणींची ९.२ मध्ये. पुढे खंड आणि पान येतं. टिपण काढताना हा पूर्ण क्रमांक उतरवून घ्यायलाच हवा, नाहीतर तेच पत्र पुन्हा सापडत नाही.

नावांचाही घोळ आहे. गॅरिसन यांनी मुलांना चळवळीतल्या सोबत्यांची नावं दिली. त्यामुळे ‘वेंडेल फिलिप्स’ टाकलं की प्रसिद्ध वक्ताही येतो आणि गॅरिसनांचा मुलगाही. मुलाचा जन्म १८४० चा, त्याआधीचं पत्र त्याचं असूच शकत नाही. जॉर्ज थॉम्पसन (त्या नावाच्या मुलाचा जन्म १८३६) आणि फ्रान्सिस जॅक्सन (मुलाचा जन्म १८४८) यांच्या बाबतीतही हेच.

सुरुवात मात्र गॅरिसनांपासून करू नये. त्यांची पत्रं सहा छापील खंडांत संपादित होऊन आली आहेत. या संग्रहाचं सोनं म्हणजे बॉस्टनजवळच्या वेमथ गावच्या वेस्टन बहिणी: मरिया वेस्टन चॅपमन, कॅरोलाइन, ॲन, डेबोरा. चळवळीला पैसा उभा करण्यासाठी दरवर्षी भरणाऱ्या बाजाराचा भार यांनी वाहिला. सभेतली भांडणं, विक्रीचा माल, घरातलं आजारपण, सगळं एकमेकींना कळवलेलं आहे. चळवळ रोजच्या रोज कशी चालते, हे भाषणांतून कळत नाही इतकं इथे कळतं.

वाचायला धीर लागतो. १८४५ पर्यंत टपालखर्च अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर असे: ४०० मैलांपलीकडे एका कागदाला २५ सेंट, दोन कागदांना दुप्पट. पाकीटही कागदातच मोजलं जाई. म्हणून पत्राचीच घडी घालून बाहेर पत्ता लिहीत आणि मोहर लावीत. उघडताना मोहरेजवळचा तुकडा फाटे; तिथले चारदोन शब्द नाहीत, तो स्कॅनचा दोष नव्हे. काटकसरीपायी काही जण पान भरल्यावर ते काटकोनात फिरवून आधीच्या ओळींवरच लिहीत. असं पान डाउनलोड करावं, ९० अंशांनी फिरवावं आणि एका वेळी एकाच दिशेच्या ओळी वाचाव्यात. शाई पलीकडून उमटली असेल तर मागच्या पानाचं चित्र आडवं उलटं करून शेजारी ठेवावं. कुठली रेघ मागची ते लगेच कळतं. जोड ‘एस’मधला पहिला ‘एफ’सारखा दिसतो, म्हणून ‘मिस’चं ‘मिफ्स’ होतं. ‘इन्स्ट.’ म्हणजे चालू महिना, ‘अल्ट.’ म्हणजे मागचा.

२०१८ पासून ‘झूनिव्हर्स’ या संकेतस्थळावर स्वयंसेवकांनी यातली हस्तलिखितं टंकून काढली. त्या मजकुराचा उपयोग शोधायला करावा, उद्धृत करताना शब्द चित्रावरूनच घ्यावा.

गॅरिसनांची घरगुती बाजू मात्र इथे अपुरीच मिळते. गॅरिसन कुटुंबाचे बरेच कागद नॉर्थॅम्प्टनच्या स्मिथ कॉलेजात, काही हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात आहेत. इथल्या पत्राचं उत्तर तिकडे पडलेलं असू शकतं.