हॉब्सन-जॉब्सन : छपाईला दोन स्टार, आतल्या मालाला पाच

आधी काय मागवलं ते सांगतो. हॉब्सन-जॉब्सन नावाचा जुना इंग्रजी कोश, पेपरबॅक रिप्रिंट, ऑनलाइन. देवगडला कुरियर त्याच्या सवडीने येतं, त्याचे स्टार मी कापत नाही. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल या दोघांनी केलेला कोश, १८८६ साली लंडनला पहिल्यांदा छापला, बर्नेल बिचारा १८८२ लाच गेला होता त्यामुळे त्याला तो बघायला मिळालाच नाही, आणि मग १९०३ साली विल्यम क्रूकने भर घालून दुसरी आवृत्ती काढली. इंग्रज लोक इकडे राहून जी खिचडी इंग्रजी बोलायचे तिचे शब्द यात आहेत, आणि नुसता अर्थ नाही तर कोणी कुठल्या साली तो शब्द कसा लिहिला त्याचे उतारे सालवार खाली दिलेत. यातले कितीतरी शब्द आज खुद्द लंडनमध्ये विचारलेत तर लोक तोंडाकडे बघत बसतील, पण आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाला ते ओळखीचे निघतात, हेच या पुस्तकाचं खरं गिऱ्हाईकी मूल्य आहे.

उदाहरण देतो. मोर-द-शियाँ असा एक शब्द आहे, फ्रेंचमध्ये अर्थ होतो कुत्र्याचं मरण. अठरावं शतक संपेपर्यंत इंग्रज लोक कॉलऱ्याला हे म्हणायचे. आता कुत्र्याचा काय संबंध? काही नाही. यूल सांगतो की हे मुळात पोर्तुगीजांचं मोर्देशिम, आणि पोर्तुगीजांनी ते घेतलं आपल्या कोकणी-मराठी मोडशीवरून, मोडणे या क्रियापदातून आलेली. मोडशी! फणसाचे गरे खाऊन वर पाणी प्यायलं की आजी ज्याची भीती घालायची ती. गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहायचा, त्याचं पुस्तक १५६३ ला गोव्यातच छापलं गेलं, त्यात या आजाराचं वर्णन आहे. म्हणजे आपल्याकडचा पोटाचा आजार पोर्तुगीजांच्या बोटीत चढला, फ्रेंचांनी त्याला आपल्याला कळेल असं वळण दिलं आणि इंग्रजांनी ते तसंच उचललं. इंग्रजीतून तो शब्द कधीच गेला, आमच्याकडे मोडशी अजून होते.

जहाजांचे शब्द तर विचारूच नका. ग्रॅब म्हणजे गुराब, मुळात अरबी, अर्थ कावळा. गॅलेव्हॅट म्हणजे आपलं गलबत, वल्ह्यांवर चालणारी लढाऊ नाव. आंग्र्यांशी कंपनी सरकारच्या ज्या काही मारामाऱ्या झाल्या त्यांच्या कागदांत हे दोन शब्द सारखे येतात. ऑर्म नावाच्या इतिहासकाराने तर मापंच देऊन ठेवलीत, तीन डोलकाठ्यांचं गुराब साधारण ३०० टनांचं, दोन डोलकाठ्यांचं १५० च्या वर नाही, आणि पाण्यात बसतं फार कमी. आमच्या खाड्यांची तोंडं ज्याने बघितलीत त्याला ते का ते सांगायला नको. १७५६ ला वॉटसन आणि क्लाइव्ह या इंग्रज सेनानींनी आंग्र्यांचा विजयदुर्ग घेतला, इंग्रज त्याला घेरिया म्हणायचे, तिथे ही सगळी गुराबं जळाली. मी विजयदुर्गला कितीदा गेलोय पण तटावर उभं राहून गुराब म्हणजे नक्की केवढं ते डोळ्यांसमोर कधी आलं नव्हतं, आता येतं. एक राग मात्र आहेच, जुन्या उताऱ्यांत जिथे तिथे आंग्रे म्हणजे चाचे. कान्होजी मराठ्यांचा सरखेल, म्हणजे आरमाराचा प्रमुख, होता हो, परवाना न घेता समुद्रात फिरणाऱ्याला धरायचा, त्याला चाचेगिरी म्हणायची तर कंपनी वेगळं काय करत होती?

आता छपाई. कुठल्यातरी जुन्या प्रतीचे फोटो काढून तसेच छापलेत. हजारावर पानं, अक्षर मुंगीएवढं, मध्येच पान तिरकं, अरबी-फारसी अक्षरं आहेत तिथे तर नुसते डाग. बाइंडिंग डिंकाचं, आमच्याकडच्या दमट हवेत पहिल्याच पावसाळ्यात पाठ सुटायला लागली. जाहिरातीत कुठली आवृत्ती तेही लिहिलेलं नव्हतं. परत करावं असा विचार आला होता पण तेवढ्यात एलिफंटावर नजर गेली.

एलिफंटा म्हणजे घारापुरी एवढंच आपल्याला माहीत. त्याखाली दुसरा अर्थ आहे, पाऊस संपताना येणारं मोठं वादळ, पोर्तुगीजांनी दिलेलं नाव. का, तर हस्त नक्षत्र, हिंदीत हथिया, त्याचा त्यांनी सरळ हत्ती केला. भात कापणीला आलेलं असताना हस्ताचा पाऊस काय करतो ते आमच्या शेतकऱ्याला विचारा, हत्ती शेतात घुसला म्हटलं तरी चालेल. पुस्तक ठेवून घेतलं.

बाकी चाळायला मजा येते. बनियन म्हणजे आधी गुजराती वाणी, मग वाणी ज्याच्या खाली बसायचे तो वड, आणि शिवाय अंगातली बंडी. जहाजावर ज्या दिवशी मटण मिळायचं नाही तो बनियन डे, वाणी शाकाहारी म्हणून. खलाशांचा श्रावणी सोमवारच तो. बोंबील बमेलो नावाने आहे, १६७३ साली फ्रायर नावाच्या इंग्रज प्रवाशाने माझगावात बघितलेला, गरिबांचं खाणं म्हणून लिहिलाय. आज बाजारात भाव विचारून या म्हणावं.

यूल सांगेल ते सगळं वेदवाक्य धरू नका. शब्दांच्या व्युत्पत्ती लावताना तो कधीकधी फार लांब उडी मारतो, जॉली-बोट म्हणजे जहाजावरची छोटी होडी, तिचं नातं गलबताशी जोडतो, पुढच्या कोशकारांनी ते मानलेलं नाही.

घ्यायचं असेल तर १९०३ ची पूर्ण क्रूक आवृत्ती आहे का ते विचारून घ्या. ऑक्सफर्डची २०१३ ची निघालीय ती स्वच्छ आहे पण निवडक आहे, सगळे शब्द नाहीत. आणि पैसे घालवायचेच नसतील तर शिकागो विद्यापीठाच्या साइटवर १९०३ चा पूर्ण कोश फुकट आहे, शब्द टाकून शोधता येतो, रेंज असली तर. मुलांच्या इंग्रजीसाठी म्हणून मात्र घेऊ नका, दहावीच्या पेपरात गॅलेव्हॅट लिहून आला तर मार्क कापतील.