फिटनेस बँड आठ महिन्यांनंतर: नाडी चोख, झोपेचे मार्क अंदाजपंचे

साडेतीन हजारांच्या आतबाहेरचा, रबरी पट्ट्याचा साधा बँड. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. या किमतीतले सगळे एकाच माळेचे मणी. उपाशीपोटीची साखर 108 आली, डॉक्टर म्हणाले, "रोज चाला आणि वेळेवर झोपा", म्हणून घेतला.

जमेची बाजू आधी. बसल्याजागची नाडी हा बरोबर देतो. मागचा हिरवा दिवा कातडीखालच्या रक्ताची चढउतार टिपतो. हात स्थिर असला की बोटांनी मोजलेल्या नाडीशी आकडा जुळतो. सुरुवातीला सकाळची नाडी 78 च्या घरात असायची, आता 70 च्या आसपास. हे बँडचं नाही, अजिंक्यतारा गडाच्या चढाचं श्रेय. व्यायामाने हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतं, मग ठोके कमी पुरतात. चढावर मात्र बँड गडबडतो. मी धापा टाकतेय आणि हा म्हणतो 94! पट्टा मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, जरा आवळून बांधला की शुद्धीवर येतो.

दहा हजार पावलांचं टार्गेट मी पहिल्याच महिन्यात बदललं. तो आकडा 1965 च्या एका जपानी पेडोमीटरमुळे रूढ झाला, डॉक्टरांच्या तपासणीतून नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, शिवाय दोन दिवस स्नायूंना ताण देणारा. चढ धरून माझी मिनिटं भरतात. दुसऱ्या भागाबद्दल बँड चकार शब्द काढत नाही.

आता झोप. श्रावणात एका रात्री लाइट गेली होती. साडेबारा ते दीड मी पत्र्यावरचा पाऊस ऐकत टक्क जागी, नुसती पडून. सकाळी अ‍ॅपमध्ये तो अख्खा तास ‘हलकी झोप’! कारण उघड आहे. गाढ झोप, स्वप्नांची झोप नीट ओळखायची तर डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरी बघाव्या लागतात. मनगटावरचं यंत्र हालचाल आणि नाडीवरून तर्क करतं. म्हणून ‘गाढ झोप 48 मिनिटं’ वाचून कुणी धास्तावू नये. आमच्या ऑफिसातली एक जण त्या मार्कांच्या काळजीनेच जागायला लागली होती.

पण कधी पडलो, कधी उठलो, एवढं तो बऱ्यापैकी सांगतो, आणि माझे पैसे तिथेच वसूल झाले. मोठ्या माणसाला सात तास तरी झोप हवी; मी सहाच्या आत होते आणि रविवारी दुपारपर्यंत लोळून भरपाई करायची. आलेखात ते उघडं पडलं. संध्याकाळी सातचा चहा बंद केला, कारण कॅफिन निम्मं उतरायलाच पाच-एक तास लागतात. उशिरा जेवलेल्या रात्री नाडी पहाटेपर्यंत चढीच राहते, हेही दिसलं. झोप तुटली की इन्सुलिन नीट काम करत नाही, म्हणजे साखरेचा प्रश्न गडाइतकाच अंथरुणातही होता.

अंगात किती बळ उरलंय, हे कुठलाच बँड सांगत नाही. त्यासाठी स्वयंपाकघरातली खुर्ची पुरे. हात छातीवर बांधून 30 सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजायचं. सत्तर ते चौऱ्याहत्तरच्या बाईला दहाच्या आत आले तर पाय कमजोर समजतात. आमच्या सासूबाई बहात्तरच्या; तेरा वेळा उठल्या आणि वर म्हणाल्या, "झालं? भाजी करपतीय बघ." त्या नऊला झोपतात.

तक्रारी दोन. पट्ट्याखाली घाम साचून खाज सुटते, आंघोळीनंतर कोरडा करावा लागतो. आणि माझ्या पट्ट्याचं बकल सहाव्या महिन्यात तुटलं, सुटा पट्टा साताऱ्यात मिळेना, शेवटी पुण्याहून मागवला. घेणार असाल तर साधा, कुठेही मिळणारा पट्टा बसेल असंच मॉडेल बघा. ‘झोपेच्या सखोल विश्लेषणा’साठी वरचे दोन हजार मागत असतील तर देऊ नका.