नखांवरच्या रेषांना रोग ठरवून आमचे 12,400 रुपये नेले

माझे यजमान 74 वर्षांचे. चार वर्षांपूर्वी त्यांना हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट (ती उघडी ठेवणारी बारीक जाळी) बसवला, तेव्हापासून रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज चालू आहे. गेल्या वर्षी मनगटापासून कोपरापर्यंत जांभळे डाग पडू लागले. कुठे लागल्याचं आठवायचंही नाही. त्यात थंडीत पायांना अशी खाज सुटायची की रात्र रात्र झोप नाही. तेवढ्यात पेपरातून पत्रक आलं, ‘ज्येष्ठांसाठी त्वचा, केस, नखे यांची मोफत तपासणी’. ठिकाण सांगलीतच, विश्रामबागेत. ते नको म्हणत होते, आग्रह मीच केला.

हॉलमध्ये पांढरे कोट घातलेली चार तरुण मुलं होती. ‘काका, पाणी घ्या. काकू, सावकाश बसा.’ एकाने यांचं बोट यंत्राखाली धरलं आणि समोरच्या पडद्यावर नख भलं मोठं दिसलं, वरून खाली रेषाच रेषा. ‘काका, ही लिव्हरमध्ये साचलेली घाण. आणि हे डाग म्हणजे रक्त नासतंय.’ मग आवाज खाली आणून म्हणाला, ‘ती हार्टची गोळीच हे करतेय. आमचा कोर्स संपेपर्यंत बंद ठेवा.’ मला घामच फुटला. तिथे आमच्याच वयाचे तीसेक जण होते आणि ज्याचं बोट यंत्राखाली जाईल त्याच्या नखावर रेषा निघत होत्या. शंका तेव्हाच यायला हवी होती, पण घाबरलेल्या माणसाला समोरचं दिसत नाही.

दोन डब्या मलम, केसांचं तेल, नखांच्या कॅप्सूल. 15 दिवसांत नवी नखं, तीन महिन्यांत काळे केस. एकूण 12,400 रुपये, निम्मे रोख आणि निम्मे फोनवरून. पावती मागितली तर चिठ्ठीवर आकडा लिहून सही केली.

तिसऱ्या दिवशी खाज थांबली. मी देवापुढे साखर ठेवली. आम्ही फसलो ते इथेच. मलम लागू पडतंय म्हटल्यावर त्या पोरांचं सगळंच खरं वाटलं आणि यांनी गोळी बंद केली, ती तब्बल तीन आठवडे. मग एका सकाळी दाराची कडी हाताला नुसती घासली आणि कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी निघून आली. रक्त थांबेना. तसेच मिरजेला त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो.

बाई आधी संतापल्या त्या गोळीवरून. स्टेंट असलेल्या माणसाने ती मनाने बंद केली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. त्यांनी तिथूनच हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला आणि गोळी पुन्हा सुरू करवली. त्या वेळी माझे हात थरथरत होते, आजही ते आठवलं की झोप उडते.

मग त्यांनी समजावलं. वय झालं की कातडी पातळ होते, खालची चरबी कमी होते, बारीक रक्तवाहिन्यांना आधार राहत नाही. जरासा धक्का लागला तरी आत रक्त पसरतं. उन्हात राहिलेल्या हातांवर ते जास्त, आणि गोळीमुळे आणखी दिसतं. डाग दोन-तीन आठवड्यांत आपोआप जातात. नखांवरच्या उभ्या रेषा तर म्हातारपणी बहुतेकांना येतात. बोटाचं नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढतं, उतारवयात त्याहून हळू. म्हणजे अख्खं नवं नख यायला सहा महिने तरी हवेत, 15 दिवस कुठले! केसांच्या मुळाशी रंग तयार होणं थांबलं की वरून चोळलेल्या तेलाने तो परत येत नाही. त्या तेलात काय होतं ते आमच्या उशीच्या अभ्र्यानेच सांगितलं होतं, काळा झाला होता तो.

मलमाच्या डबीवर कंपनीचं नाव नाही, बॅच नंबर नाही, आत काय आहे तेही नाही. डॉक्टरांना तीव्र स्टेरॉइडचा संशय होता. त्याने खाज झटकन दबते, पण आधीच पातळ असलेली कातडी आणखी पातळ होते. खाज होती ती कोरडेपणाची, कारण या वयात त्वचेतलं तेल कमी होतं. आता कोमट पाण्याने झटपट आंघोळ, साबण जेमतेम आणि अंग ओलसर असतानाच पेट्रोलियम जेली. बाहेर जाताना पूर्ण बाह्यांचा शर्ट. एवढ्यावर भागतं.

डॉक्टरांकडे कशासाठी जायचं तेही त्यांनी सांगितलं: पुरळ नसताना सगळ्या अंगाला खाज, एकाच नखात नवी काळी रेघ, आकार किंवा रंग बदलणारा तीळ, न भरणारी जखम, किंवा डागांसोबत हिरड्यांतून रक्त.

त्या मुलांचा फोन बंद आहे. हॉलवाल्याने एक दिवसाच्या भाड्याची नोंद दाखवली, नाव खोटं निघालं. फोनवरून गेलेल्या पैशांसाठी सायबर हेल्पलाइन 1930 ला आणि बाकीसाठी ग्राहक हेल्पलाइन 1915 ला तक्रार केली आहे, एक डबी अन्न व औषध प्रशासनाकडे दिली आहे. पैसे अजून आलेले नाहीत. त्या दिवशी हॉलमध्ये तुम्ही असाल, किंवा तुमचे आईवडील असतील, तर डबी आणि चिठ्ठी टाकू नका, तक्रारीला लागतील. आणि गोळी बंद केली असेल तर आजच तुमच्या डॉक्टरांना फोन करा.