‘घरी वापरून बघा’ म्हणत गळ्यात मारलेला इलेक्ट्रिक कुकर

दिवाळीच्या आधी पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये इलेक्ट्रिक प्रेशर कुकरचं प्रात्यक्षिक झालं. वरणभात, राजमा, दही, केक, सगळं एकाच भांड्यात. गॅसपाशी उभं राहायला नको, शिट्ट्या मोजायला नकोत. माझ्या सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना ओट्याशी फार वेळ उभं राहवत नाही. म्हणून मला ही वस्तू मनापासून हवी होती.

किंमत ८,९९९ रुपये. "काकू, आत्ता काही ठरवू नका. घरी न्या, आठ दिवस वापरून बघा. नाही पटलं तर आम्ही येऊन घेऊन जातो, पैसे परत," असं प्रात्यक्षिक दाखवणारा मुलगा माइकवरून सगळ्यांसमोर बोलला. पैसे मात्र ‘डिपॉझिट’ म्हणून आधीच पूर्ण घेतले आणि कुकर दुसऱ्या दिवशी सीलबंद खोक्यातून घरपोच आले. आमच्या बिल्डिंगमधल्या बऱ्याच जणींनी घेतला.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, म्हणजे उगीच या कुकरच्या नावाने खडे फोडायला नकोत. हॉलमध्ये राजमा वीस मिनिटांत झाला, घरी पाऊण तासाच्या वर लागला, ही फसवणूक नव्हे. या कुकरमध्ये आत पुरेसा दाब तयार झाल्यावरच घड्याळ चालू होतं. गार पाणी घातलं तर दाब धरायलाच दहा-पंधरा मिनिटं जातात आणि शेवटी वाफ उतरायला वेगळा वेळ. हॉलमध्ये त्यांनी राजमा आधीच फुगवून आणला होता आणि पाणी किटलीतून कढत ओतलं होतं. शिवाय आपल्या गॅसवरच्या कुकरमध्ये साधारण १५ पीएसआय (दाब मोजायचं एकक) दाब असतो, बऱ्याच इलेक्ट्रिक कुकरमध्ये १० ते १२. त्यामुळे कडधान्याला थोडा जास्त वेळ लागतोच. चांगल्या कंपनीचा कुकर माझ्या बहिणीकडे आहे आणि ती त्यावर खूश आहे.

आमच्या घरी जे आलं ते मुळात हॉलमध्ये दाखवलेलं यंत्रच नव्हतं. तिथलं आतलं भांडं स्टीलचं होतं, खोक्यातून निघालं ते काळा मुलामा दिलेलं हलकं ॲल्युमिनियम. बाहेरची बॉडी पत्र्याची आणि वायरला दोनच पिनांचा प्लग, म्हणजे अर्थिंगच नाही. पाण्याशी काम असलेल्या धातूच्या उपकरणाला असा प्लग बघूनच माझ्या मिस्टरांनी कपाळाला हात लावला. प्लग बदलून द्या म्हणून फोन केला, तर पलीकडून उत्तर आलं, "तसाच लावा, काही होत नाही." शेवटी इलेक्ट्रिशियनकडून आम्हीच तीन पिनांची वायर बसवून घेतली.

झाकणाचं मात्र नीट वाचा. या कुकरला शिट्टी नसते. झाकणात हरभऱ्याएवढी एक पिन असते. आत वाफ साठली की ती वर उचलली जाते आणि झाकण अडकवून ठेवते. वाफ पूर्ण उतरली की खाली बसते आणि मगच झाकण फिरतं. आमच्या कुकरची पिन वर आली होती, कडेने वाफ फुसफुसत होती. तो जरा मागे सरकवावा म्हणून हँडल धरलं, तर झाकण बोटभर फिरलं! आत डाळ रटरटत असताना! हात काढला, बटण बंद केलं, सासूबाईंना बाहेर नेलं आणि तो गार होईपर्यंत स्वयंपाकघरात कुणाला पाऊल टाकू दिलं नाही. झाकण आणखी थोडं फिरलं असतं तर उकळती डाळ तोंडावर आली असती.

बोहरी आळीत आमच्या ओळखीचे जुने दुकानदार आहेत, त्यांना कुकर नेऊन दाखवला. झाकणाची रिंग काढून त्यांनी बोटांवर ताणली आणि म्हणाले, "ताई, ही रिंग या झाकणाची नाहीच, दुसऱ्या मापाची आहे." खोक्यावर आयएसआयचं चिन्ह होतं. त्या चिन्हाखाली सीएम/एल असा लायसन्स नंबर असतो, तो भारतीय मानक ब्युरोच्या (बीआयएस) ‘बीआयएस केअर’ या ॲपमध्ये टाकला की कुणाचं, कशासाठी लायसन्स आहे ते दिसतं. आमच्या खोक्यावरचा नंबर निघाला दुसऱ्याच कुठल्याशा मालाचा. गॅसवरच्या घरगुती प्रेशर कुकरला हे चिन्ह १ फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचं आहे आणि कुठल्याही मालावर ते खोटं छापणं बीआयएस कायदा २०१६ नुसार गुन्हा आहे.

परत न्या म्हटल्यावर सूर बदलला. बिलाच्या मागे बारीक अक्षरात छापलं होतं: वापरलेला माल परत घेतला जाणार नाही. "ट्रायल हॉलमध्ये झाली ना, मॅडम?" ज्या वापरण्याच्या नावावर विकलं, तेच वापरणं आमच्याविरुद्ध उभं केलं. हा डाव मला सगळ्यात नीच वाटतो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर परतीची मुदत नसेल तर ३० दिवस धरतात. बिलामागे काहीही छापलं तरी सदोष मालाची जबाबदारी त्यांना झटकता येत नाही.

पुढे फोन लागेनासे झाले. मग शेजारच्या काकूंना ‘रिफंड विभागा’तून फोन आला: क्यूआर कोड पाठवलाय, स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील. त्यांच्या नातवाने तिथेच थांबवलं. पैसे घेताना यूपीआय पिन लागत नाही, पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात. असा फोन येऊन कुणाचे पैसे गेले असतील तर क्षणभरही न थांबता सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, कळवा.

आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार नोंदवली आहे. आता जिल्हा ग्राहक आयोगात ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून एकत्र तक्रार करतोय. एकाच कारणासाठी अनेक ग्राहकांना आयोगाच्या परवानगीने मिळून जाता येतं, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही आणि जिथे राहतो तिथेच दाखल करता येते. पुण्यात आणखी कुणाकडे असा कुकर आला असेल तर खोकं, बिल, पैसे भरल्याचा मेसेज आणि तळाच्या स्टिकरचा फोटो जपून ठेवा, यातलं काहीही रद्दीत देऊ नका. रिंग बदलून तो चालवायच्या फंदात पडू नका. आणि घरात कुणी तो अजून लावत असेल, तर आजच प्लग काढून ठेवा.