'स्त्रिया' की 'गर्भाशयमुख असलेल्या व्यक्ती'?

प्रजनन आरोग्याच्या पत्रकात 'स्त्रिया' आणि 'माता' हे शब्द ठेवावेत, की 'गर्भाशयमुख असलेल्या व्यक्ती' अशी लिंगनिरपेक्ष रचना वापरावी, हा वाद इंग्रजीभाषक देशांत अधिक तीव्र आहे. पहिल्या पर्यायाचे बळ सुबोधतेत आहे. कारण ज्या स्त्रीला गर्भाशयमुख म्हणजे नेमके काय हे ठाऊक नाही, तिला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचे दुसऱ्या प्रकारच्या शब्दांतले आवाहन आपल्यासाठीच आहे हे उमगणार नाही, आणि नेमकी तीच तपासणीपासून दूर राहण्याचा धोका असतो. शिवाय 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने सप्टेंबर 2021 मध्ये मुखपृष्ठावर स्त्रियांचा उल्लेख 'योनी असलेली शरीरे' असा केला, तेव्हा संपादकांना दिलगिरी व्यक्त करावी लागली.

दुसऱ्या पर्यायाची गरजही खोटी नाही. गर्भाशयमुख कायम असलेल्या ट्रान्स पुरुषालाही (जन्मावेळी स्त्री म्हणून नोंद झालेल्या, पण स्वतःला पुरुष मानणाऱ्या व्यक्तीलाही) हा कर्करोग होऊ शकतो. इंग्लंडमध्ये मात्र आरोग्यसेवेकडील नोंद 'पुरुष' अशी असल्यास तपासणीचे निमंत्रण आपोआप जात नाही. अर्थात, ही त्रुटी नोंदप्रणालीची आहे, ती केवळ शब्द बदलून दूर होणार नाही.

इंग्लंडच्या ब्रायटन शहरातील रुग्णालयांनी 2021 मध्ये 'स्त्रिया आणि प्रसूत होणाऱ्या व्यक्ती' असा जोडशब्दप्रयोग स्वीकारला, म्हणजे 'स्त्रिया' हा शब्द वगळला नाही. सार्वजनिक पत्रकासाठी मला हाच मार्ग अधिक योग्य वाटतो; प्रत्यक्ष तपासणीच्या खोलीत मात्र समोरचा रुग्ण स्वतःसाठी जो शब्द वापरतो, तोच डॉक्टरांनी वापरावा. मराठीत तर 'व्यक्ती' हा शब्दच स्त्रीलिंगी असल्याने संपूर्ण निरपेक्षता व्याकरणालाही साधत नाही.